भर दुपारची मध्यरात्र

बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेणाऱ्या आमच्या पोरांच्या हातात गाईड असतं. गाईडाच्या शेवटच्या पानांवर यादी असते: सॉलिलॉकी, असाईड, ब्लँक व्हर्स, सॉनेट, कन्सीट, ड्रॅमॅटिक आयरनी, कॉमिक रिलीफ. प्रत्येकापुढे दोन ओळींची व्याख्या. पोरं ती घडाघडा पाठ करतात, पेपरात उतरवतात, मार्क मिळवतात आणि सुट्या लागल्या की विसरून जातात. यात पोरांचा दोष मला दिसत नाही. ज्या गोष्टी सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये पोटापाण्यासाठी नाटक करणाऱ्या माणसांनी घडवल्या, त्या आपण औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारख्या वाचायला देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. यातल्या बहुतेक प्रत्येक संज्ञेमागे रंगमंचावरची एखादी अडचण उभी आहे. ती अडचण आधी सांगा, व्याख्या पोरं स्वतः करतील. आणि नाटकाच्या अडचणी झाडीपट्टीतल्या पोरांना कोणी नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

मी वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या पट्ट्यात शिकवते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा हा मुलूख म्हणजेच झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापून घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री नाटक असतं. रात्री जेवणं आटोपली की सुरू होतं ते पहाटेपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात, म्हणजे देसाईगंजात. गावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, आगाऊ रक्कम देतात, तिकिटं लावतात. माझे मामा अशाच एका कंपनीत प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवणारे, होते. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मामांच्या घरी पेढे वाटले होते. खुणे काही आमचे नातेवाईक नाहीत, पण आनंद घरचाच होता.

आता लंडन. १५७६ साली जेम्स बर्बेज नावाच्या माणसाने शहराच्या हद्दीबाहेर, शोरडिचला, खास नाटकासाठी एक लाकडी इमारत बांधली आणि तिला नावच दिलं ‘द थिएटर’. शहराच्या कारभाऱ्यांना नाटकं नको होती म्हणून हद्दीबाहेर. जागा भाडेपट्ट्याची होती. पट्टा संपला, जमीनमालक ऐकेना, तेव्हा १५९८च्या डिसेंबरअखेर बर्बेजच्या मुलांनी सुताराला आणि माणसांना घेऊन ती इमारतच उतरवली. तीच लाकडं थेम्स नदीच्या पलीकडे नेऊन १५९९ मध्ये ‘ग्लोब’ उभं केलं. शेक्सपिअरची मोठमोठी नाटकं या जुन्या लाकडांत झाली. १६१३च्या जूनमध्ये नाटकात उडवलेल्या तोफेची ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि ग्लोब जळून गेलं. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती बीअर ओतून विझवली. ही हकीकत त्या काळच्या एका पत्रात नोंदलेली आहे. वर्गात हे सांगितलं की पोरांचे चेहरे खुलतात, कारण रात्रीतून स्टेज उतरवून ट्रकात भरणं आणि दुसऱ्या गावी पुन्हा उभं करणं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

त्याच काळात ‘रोझ’ नावाचं दुसरं थिएटर चालवणारा फिलिप हेन्स्लो हिशेबाची वही ठेवायचा. आज त्या काळच्या नाटकधंद्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळ त्या वहीमुळे आणि त्याच्या कागदपत्रांमुळे. १५९८ सालच्या सामानाच्या यादीत एक खडक आहे, एक थडगं आहे, नरकाचं तोंड आहे, रोम शहर आहे, सूर्यचंद्राचं एक कापड आहे. कपड्यांच्या यादीत अदृश्य होण्यासाठीचा झगा आहे. हा झगा मला फार आवडतो. नटाने तो अंगात घातला की तो कोणाला दिसत नाही, एवढं प्रेक्षक आणि कंपनी यांच्यात ठरलेलं. याला साहित्यशास्त्रात कन्व्हेन्शन म्हणतात, नाट्यसंकेत. दंडार या आमच्या लोकनाट्यात मिशा भादरलेला बाप्या लुगडं नेसून आला की ती राणी, हे आमच्या गावात लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. लंडनला १६६०पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर बाई नव्हतीच. ज्युलिएट, डेस्डेमोना, लेडी मॅकबेथ ही सगळी कामं मिसरूड न फुटलेली मुलं करायची.

आता मोठी अडचण. ग्लोबला वरून अर्धं छप्पर नव्हतं आणि नाटक दुपारी व्हायचं. एक पेनी देऊन अंगणात उभे राहिलेले लोक, डोक्यावर ऊन नाहीतर पाऊस, आणि नाटकात हवी आहे मध्यरात्र. करायचं काय? दिवे नाहीत, अंधार करता येत नाही. मग रात्र शब्दांनी करायची. ‘हॅम्लेट’ची सुरुवात बघा. किल्ल्याच्या तटावर पहारा बदलतो आहे. पहिलंच वाक्य प्रश्न आहे, ‘कोण आहे तिकडे?’ आणि हा प्रश्न पहाऱ्यावरचा शिपाई विचारत नाही, नवा येणारा विचारतो. विचारायचं खरं पहारेकऱ्याने. उलटं झालं आहे, म्हणजे येणारा आधीच भेदरलेला आहे. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणजे अंधार आहे. लगेच बाराचे ठोके पडल्याचं कळतं, थंडी बोचते आहे हे कळतं. दहा-बारा ओळींत भर दुपारी मध्यरात्र झाली. जुन्या दंडारीत टेंभ्यांच्या उजेडात रान उभं करायचं तेही गाण्यातूनच. शब्दांतून चित्र उभं राहणं याला व्याख्येत इमेजरी म्हणतात. तिचं पहिलं काम सजावट नव्हतं, उजेड-अंधार पाडणं हे होतं.

सॉलिलॉकी आणि असाईड या दोन्हींचं बळही तसंच जागेत आहे. ग्लोबचा रंगमंच अंगणात पुढे आलेला होता, तीन बाजूंनी माणसं. नट पुढे आला की प्रेक्षक हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळच्या माणसाशी बोलायचं नाही, असं सोंग करण्यात अर्थ नव्हता. म्हणून नट त्यांच्याशीच बोलायचा. एकटा असताना लांब बोलला ती सॉलिलॉकी, स्वगत. दुसरी पात्रं स्टेजवर असताना त्यांना ऐकू गेलं नाही असं मानून प्रेक्षकांकडे वाक्य टाकलं तो असाईड, जनांतिक. फरक एवढाच. पण स्वगत म्हणजे ‘मनातले विचार मोठ्याने बोलणे’ ही गाईडातली व्याख्या मला अपुरी वाटते. ‘ऑथेल्लो’मधला इयागो पहिल्या अंकाच्या शेवटी एकटा उरतो आणि आपला बेत आपल्याला सांगतो. तो स्वतःशी बोलत नाही, तो आपल्याला कटात घेतो. त्यानंतर ऑथेल्लो जितक्या वेळा त्याला ‘प्रामाणिक इयागो’ म्हणतो तितक्या वेळा आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही. हीच ड्रॅमॅटिक आयरनी.

याचा अर्थ मला कोणत्याही पुस्तकाने समजावला नाही. मंडईच्या नाटकात खलनायक वरून टांगलेल्या माईकखाली येऊन भोळ्या भावाला कसं फसवणार ते सांगून गेला होता. पुढच्या प्रवेशात तो भाऊ त्याच्या गळ्यात पडला. माझ्या शेजारी सतरंजीवर नातवाला मांडीवर घेऊन बसलेली एक आजी ताडकन उठली आणि ओरडली, ‘आयकू नोको रे बापा त्याचं, लबाड हाय तो!’ स्टेजवरचा भाऊ क्षणभर थबकला, मग पुढचं वाक्य बोलला. आजी खाली बसली ती पदराने डोळे पुसत. कळूनही काही करता न येणं हे त्या आजीला जसं झोंबलं तसंच १६०४च्या लंडनमध्ये कोणाला झोंबलं असणार. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं ते १८९० साली, त्यालाही सव्वाशे वर्षं होऊन गेली. पण ही गोष्ट अजून मंडईत चालते, कारण तिचं यंत्र पक्कं आहे.

स्वगताचं सगळ्यात थोर उदाहरण मात्र मी शेक्सपिअरचं देत नाही, मार्लोचं देते. ख्रिस्तोफर मार्लो हा कँटरबरीच्या एका चांभाराचा मुलगा, जोडे शिवणाऱ्याचा, १५६४चा जन्म, म्हणजे शेक्सपिअरच्याच वयाचा. १५९३च्या मे महिन्यात डेप्टफर्डला भोसकून मारला गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्याच्या ‘डॉक्टर फॉस्टस’मध्ये फॉस्टसने चोवीस वर्षांच्या सुखासाठी आत्मा सैतानाला लिहून दिलेला आहे. मुदत संपायची शेवटची रात्र. घड्याळात अकरा वाजतात आणि फॉस्टस एकटा बोलू लागतो. बारा वाजले की न्यायला येणार. तो तास स्टेजवर साठ ओळींच्या आतच संपतो. साडेअकराचा ठोका पडतो तोवर जितक्या ओळी झाल्या, त्याहून कमी ओळींत पुढचा अर्धा तास सरतो. काळ अंगावर धावत येतो. आणि मध्येच तो एक लॅटिन ओळ म्हणतो: रात्रीच्या घोड्यांनो, हळू, हळू धावा. ही ओळ ओव्हिड या रोमन कवीच्या शृंगारिक कवितेतली आहे. तिथे प्रियकराला प्रेयसीच्या मिठीतली रात्र संपू नये असं वाटतं. इथे तीच ओळ नरकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी येते. दुसऱ्याची ओळ उचलून तिचा अर्थ असा उलटा फिरवणं याला अल्यूजन म्हणतात, संदर्भसूचन. पण माझ्या अंगावर अजूनही काटा येतो तो व्याख्येमुळे येत नाही.

ब्लँक व्हर्स. इथे वर्ग नेहमी घाबरतो. आयॅम्बिक पेंटामीटर हे नाव ऐकूनच पेनं थांबतात. मी फळ्यावर लगा लगा लगा लगा लगा असं लिहिते. लघु-गुरूची जोडी पाच वेळा. आपल्याकडे हीच जोडी चार वेळा आली की प्रमाणिका आणि आठ वेळा आली की पंचचामर. पंचचामर सगळ्यांना येतं, कारण महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत शिवतांडव लाऊडस्पीकरवर ऐकलेलं असतं. ‘जटाटवीगलज्जलप्रवा’ म्हणा आणि तिथेच थांबा. दहा अक्षरं झाली. मार्लोच्या ओळीची लांबी तेवढी. फरक सांगावा लागतो तो इतकाच की आपल्याकडे अक्षराचा वेळ मोजतात, इंग्रजीत अक्षरावरचा जोर मोजतात. एकदा पोरांनी डेस्कवर हात मारून ती चाल धरली की पुढे सोपं असतं.

हे वृत्त यमक सोडून पहिल्यांदा इंग्रजीत वापरलं ते सरेच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्याच्या भाषांतरात. १५४७ साली राजाने त्याचं डोकं उडवलं. १५६१-६२च्या हिवाळ्यात ‘गॉर्बोडक’ नावाच्या शोकांतिकेत ते नाटकात आलं, आणि मार्लोने त्याला दमदार आवाज दिला. ‘मार्लोची बलशाली ओळ’ हे शब्द त्याच काळच्या बेन जॉन्सन या नाटककाराचे, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या पहिल्या मोठ्या संग्रहाच्या सुरुवातीला जी कविता त्याने लिहिली तिच्यातले. यमक का सोडलं? कारण यमक ओळ बंद करतं. गाण्यात ते हवं, भांडणात नको. माणूस भांडताना, खोटं बोलताना, घाबरताना यमक जुळवत नाही, पण त्याच्या बोलण्याला चाल असते. ती चाल ठेवली आणि यमकाची कडी काढून टाकली, म्हणजे वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहू लागलं.

आणि चाल पक्की असली की ती मोडण्यालाही किंमत येते. ‘टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’ ही जगातली सगळ्यात पाठ असलेली ओळ दहा अक्षरांची नाही. मोजा, अकरा भरतात. शेवटचं अक्षर जोराविना लोंबकळत राहतं. जगायचं की मरायचं हा प्रश्न पडलेल्या माणसाची ओळ ठणठणीत संपली असती तर बरं वाटलं असतं का?

पाठांतराचं बोलतेच आहे तर मामांच्या धंद्याबद्दल लिहायला हवं. झाडीपट्टीत नट हंगामात निरनिराळ्या नाटकांत उभा राहतो, तालमी थोड्या. प्रॉम्प्टर नसेल तर नाटक कोसळेल. मामा विंगेच्या आडोशाला वही घेऊन बसायचे, ओठ न हलवता बोलायचे. लंडनच्या कंपन्यांचंही असंच होतं. आज एक, उद्या दुसरं, आठवड्याभरात निरनिराळी नाटकं. कागद महाग, नक्कल करायची ती हाताने. म्हणून नटाला पूर्ण नाटक मिळतच नसे. त्याला मिळायची फक्त त्याच्या वाक्यांची गुंडाळी, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. त्याला क्यू म्हणतात. एडवर्ड ॲलन हा मार्लोच्या नाटकांतला नामांकित नट. त्याची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपून ठेवलेली आहे. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हंजे त्याले मालूमच नसे समोरचा काय बोलनार. आयकाच लागे.’ ऐकावंच लागायचं. शेक्सपिअरवर मी वाचलेल्या कितीतरी पानांपेक्षा हे वाक्य मला मोलाचं वाटतं. आपल्या शेवटच्या दोन शब्दांसाठी समोरचा नट कान टवकारून उभा आहे, हे ठाऊक असलेला लेखक संवाद वेगळ्या तऱ्हेने लिहितो.

कवितेकडे वळते. सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, इटलीतून आलं. पेत्रार्काने चौदाव्या शतकात लॉरासाठी लिहिली, टॉमस वायट आणि तोच तो सरे यांनी ती इंग्रजीत आणली आणि १५५७ साली ती छापून लोकांपर्यंत पोचली तेव्हा दोघंही हयात नव्हते. पेत्रार्काची घडण आठ आणि सहा ओळींची. सरेने तीन चौकड्या आणि शेवटी दोन ओळींचा बांध अशी केली, शेक्सपिअरने तीच वापरली. त्याची १५४ सॉनेटं १६०९ साली छापली गेली. मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला, १८९२ साली, ‘मयूरासन आणि ताजमहाल’. आपण त्याला सुनीत म्हणतो. आणि आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे कवी अनिल यांनी चौदाही नकोत म्हणून दहाच ओळींची दशपदी बांधली, तिला १९७७ साली साहित्य अकादमी मिळाली. ठराविक ओळींच्या कुंपणात कविता अधिक मोकळी होते, हे अनिलांसारख्या मुक्तछंद आणणाऱ्या कवीला शेवटी वाटलं, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

पण सॉनेट वर्गात शिकवायचं तर मी पुस्तकातलं शिकवत नाही, नाटकातलं शिकवते. रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा भेटतात, घरात जेवणावळ आणि नाच चालू आहे, आजूबाजूला माणसं. रोमिओ तिचा हात धरतो आणि चार ओळी बोलतो. ती चार ओळींत उत्तर देते. मग एक तू, एक मी. दोघांच्या मिळून चौदा ओळी होतात, यमकं बरोबर जुळतात, शेवटच्या जोडओळीतली पहिली तिची आणि दुसरी त्याची, आणि ती संपताक्षणी चुंबन. एकमेकांचं नाव माहीत नसलेल्या दोघांनी मिळून एक सुनीत पूर्ण केलं. लगेच ते दुसरं सुरू करतात, चार ओळी होतात, आणि दाई येऊन सांगते की तुझी आई बोलावते आहे. सुनीत अर्धवट तुटतं. पुढच्या सगळ्या नाटकात त्यांचं जे होणार आहे ते या चार ओळींत होऊन गेलं. हे दाखवल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी ‘अरे बाप रे’ एवढंच म्हणाली. सॉनेटची व्याख्या तिला पुन्हा विचारायची मला गरज पडलेली नाही.

युनिटीज (स्थळ-काळ-कृतीची एकता), हॅमार्शिया (नायकाला बुडवणारी चूक), कॅथार्सिस (भावनांचा निचरा) यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. ॲरिस्टॉटल ग्रीक नाटकांबद्दल लिहीत होता, आणि स्थळ-काळ-कृतीचं त्रिकूट तर १५७०च्या सुमारास कास्तेल्वेत्रो या इटालियन टीकाकाराने नियम म्हणून बांधलं. शेक्सपिअरने ‘द विंटर्स टेल’मध्ये काळालाच पात्र करून स्टेजवर आणलं आणि सोळा वर्षं एका भाषणात ओलांडली. हॅम्लेटचा दोष दिरंगाई, ऑथेल्लोचा मत्सर, मॅकबेथचा हव्यास, अशी खानेसुमारी करून पोरांना मार्क मिळतात हे खरं आहे, पण नाटक हातचं जातं.

कन्सीट मात्र शिकवावंच. कवी जॉन डनने ॲन मोरशी १६०१ साली चोरून लग्न केलं, नोकरी गेली, काही दिवस तुरुंगातही काढले. पुढे १६११ साली तो एका श्रीमंत आश्रयदात्याबरोबर युरोपला निघाला, ॲन गरोदर होती. त्या वेळी त्याने तिच्यासाठी निरोपाची कविता लिहिली असं त्याचा चरित्रकार वॉल्टन सांगतो. रडू नको म्हणून सांगताना डन फूल, चांदणं, दिवा यातलं काही घेत नाही. तो घेतो कर्कटक. कंपास पेटीतलं. त्याचा एक पाय मध्ये रोवलेला, तो घर सोडत नाही. पण दुसरा लांब गेला की हा त्याच्या दिशेने कलतो, कान देतो, आणि तो परत येऊ लागला की ताठ होतो. तू तो रोवलेला पाय आहेस, तू पक्की आहेस म्हणून माझं वर्तुळ पुरं होतं. लांबलचक ओढलेली, पहिल्यांदा विचित्र वाटणारी आणि मग पटतच जाणारी ही उपमा म्हणजे कन्सीट.

माझ्या वर्गात काही पोरांचे आईबाप धानाचं काम आटोपलं की मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरी म्हातारी आणि लेकरं. त्या दिवशी मी सगळ्यांना कर्कटक आणायला सांगितलं होतं, दहावीनंतर कपाटात पडलेलं. कागदावर टोक रोवून दुसरा पाय हळूहळू ताणायला लावला आणि रोवलेल्या पायाकडे बघा म्हटलं. तो कलतो. खरंच कलतो. एका मुलाने ते परत परत करून पाहिलं. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. चाचणीत मात्र कन्सीटवर त्याने दीड पान लिहिलं, त्यात गाईडातली एक ओळ नव्हती.

यंदा स्नेहसंमेलनात ‘मॅकबेथ’चा खुनाचा प्रवेश झाडीबोलीत करायचं पोरांनी ठरवलं आहे. राजा पाहुणा म्हणून घरी उतरलेला, मॅकबेथ त्याला झोपेत मारून खाली येतो, बायको वाट बघत उभी. मूळ नाटकात तिथे घुबड ओरडतं आणि रातकिडे किरकिरतात. त्यात पोरांना काही बदलावं लागलं नाही. त्यानंतरच्या चार वाक्यांसाठी मी हा प्रवेश निवडला. तू बोललास का? कधी? आत्ता. मी उतरताना? ही चारही वाक्यं मिळून ब्लँक व्हर्सची एकच ओळ होते. ‘कधी’ आणि ‘आत्ता’ला इंग्रजीत एकेकच अक्षर. ओळ फोडली आहे, पण तिची चाल एकच आहे, म्हणून मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पोरं आधी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, नाटकात थांबतात तशी. मी सांगितलं, समोरच्याचा शब्द हवेत असतानाच बोला. ‘तुमी बोल्ले का?’ ‘कवा?’ ‘आत्ता.’ ‘उतरतानी?’ असं पटापट झालं तेव्हा तालमीच्या खोलीत बसलेली बाकीची पोरं एकदम गप्प झाली.

पुढे दारावर ठोके पडतात आणि दारुडा पहारेकरी येतो. आपण नरकाच्या दारावर पहारा देतो आहोत असं सोंग करत तो बडबडतो, लोक हसतात. गाईड याला कॉमिक रिलीफ म्हणतं, ताण हलका करण्यासाठी. पण त्या घराला नरक म्हणणारा तो एकटाच खरं बोलतो आहे, आणि शिवाय धंद्याची गरज आहे: मॅकबेथच्या कोपरापर्यंत रक्त आहे, रात्रीचा झगा चढवायचा आहे आणि काहीच घडलं नाही असा चेहरा करून लगेच परत यायचं आहे. हात धुवायला वेळ हवा. आमच्या तालमीत कुंकवाचं पाणी वापरलं, ते काही लवकर निघत नाही. पहारेकऱ्याचं काम करणारा पोरगा म्हणतो, मॅडम, तुम्ही सांगाल तितकं लांबवतो. स्टेजमागे नळ नाही, त्यामुळे दोन बादल्या, साबण आणि टॉवेल धरून उभं राहायला एक माणूस लागणार आहे. मामांनी ते काम मागून घेतलं आहे.